निवांतची पुडी

मंगळवेढा,
६ जानेवारी २०२५

पूनम,

फोनच केला असता, पण आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे चावडीवर बोलल्यासारखं. आई शेजारी येऊन बसते, आणि हे तिच्याबद्दलचंच आहे. म्हणून लिहितोय.

आधी चांगली बातमी. अश्वगंधा यंदा नंबरी आलीय. ज्वारीच्या रानाला लागून ती मुरमाड पट्टी होती बघ, मेंढरंसुद्धा तिथं थांबायची नाहीत. तिथून आता बोटाएवढ्या जाड मुळ्या निघतायत. आमच्या शेतकरी गटाचा सगळा माल मोडनिंबचे सिद्धलिंगअण्णा घेतात आणि त्याचं 'निवांत' नावाचं झोपेचं चूर्ण करून विकतात. पुड्या पोचवायचं काम मी घेतलंय. आपल्या भागात तर देतोच, पार वळसंगपर्यंत जातो.

तात्या गेल्यापासून आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, ते तू बघितलंसच. दिवाळीत तिला 'निवांत' सुरू केलं. पहिल्या दिवशी दुधातून घेतलं आणि तुझ्या वहिनीनं, विजूनं, भांडी विसळेपर्यंत आई गाढ झोपली. तेव्हापासून घर शांत आहे. ती कुणावर चिडत नाही, काही मागत नाही.

मधे एवढंच झालं, की शेळ्यांना पाला टाकताना ती पडली. कपाळाला खोक पडली. कशी पडलीस विचारलं तर तिला आठवेना. म्हणून सोलापुरात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डोक्याला तारा लावून ईईजी काढला. म्हणाले, "झोपेची गोळी चालू आहे का?" मी म्हणालो, "गोळीबिळी काही नाही, आयुर्वेदिक घेते." ते म्हणाले, "मेंदूच्या लहरींत फरक दिसतोय. महिन्याभरानं परत आणा." फरक दिसतोय म्हणजे गुणच आलाय की. त्या कागदाची झेरॉक्स सोबत आहे.

आता तुझ्याकडं काम. तू बेंगळुरूला अश्वगंधा आणि मेंदू यावरच संशोधन करतेस, हे मी अण्णांना छाती फुगवून सांगितलं. ते म्हणाले, चुलत बहिणीकडून संस्थेच्या कागदावर चार ओळी आण, पाकिटावर छापू. पुढच्या हंगामाचा भाव त्यावर ठरणार आहे. आईचा ईईजी पुरावा म्हणून घे. तुला अवघड नाही.

तुझा दादा,
शहाजी


बेंगळुरू,
१३ जानेवारी

दादा,

चार ओळी मी देणार नाही. आधी पूर्ण वाच, मग चीड.

आम्ही अश्वगंधेच्या मुळीचा अर्क माणसांना देतो आणि आठवडेच्या आठवडे त्यांच्या मेंदूच्या लहरी बघतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत उठवत असतात. तो गलबला आवरायला मेंदू स्वतःच एक द्रव्य तयार करतो, त्याला गाबा म्हणतात. मुळीतले काही घटक या गाबाच्या कामाला हात देत असावेत. सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही. पण जो फरक पडतो तो सावकाश पडतो आणि थोडा पडतो. काहींना पडतही नाही. ज्यांना पडतो, त्यांच्या डोळे मिटून स्वस्थ बसल्यावर दिसणाऱ्या लहरी जरा ठळक होतात, बस.

थोरल्या आईच्या कागदावर तसं नाही. कपाळाकडच्या भागात बारीक, दाट, वेगवान लहरींचं नुसतं रान माजलंय. अश्वगंधेनं असं झालेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. झोपेच्या एका जातीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांच्या मेंदूत मात्र हे पुष्कळदा दिसतं. त्या गोळ्याही गाबालाच जोर देतात, पण दांडगाईनं. डॉक्टरांनी तुला गोळीचं उगाच विचारलं नाही. आणि भांडी विसळेपर्यंत गाढ झोप? मुळीला ते जमत नाही, दादा.

मला वाटतं, पुडीत कुणीतरी गोळ्या दळून घालतंय. नुसत्या कागदावरून खात्री देता येत नाही. न फोडलेली एक पुडी मला पाठव, इथे तपासून घेते.

आणि यापुढचं दोनदा वाच. चूर्ण एकदम बंद करू नकोस. मेंदूला बाहेरून आवर मिळायची रोजची सवय झाली की तो स्वतःचा आवर सैल सोडतो. तात्या कळपाभोवती रोज वाघर, जाळ्याचं कुंपण, लावायचे. एखाद्या मुक्कामी वाघर नसली की मेंढरं कशी उधळायची, ते तुला सांगायला नको. आधार एका दिवसात काढून घेतला तर पेशी तशाच उधळतात. हातपाय थरथरतात, झोप उडते, फिट येऊ शकते. तिच्या वयात फिट जिवावर बेतेल. सोलापूरच्या डॉक्टरांकडे पुडीसकट जा. काय, किती आणि कसं कमी करायचं ते त्यांना ठरवू दे.

पूनम


मंगळवेढा,
१९ जानेवारी

पूनम,

पत्र वाचलं. दोनदाच काय, चारदा वाचलं.

तू शिकलीस, मोठी झालीस, त्याचा मला आनंदच आहे. पण सिद्धलिंगअण्णा नसते तर आमच्या मुळ्या आजही बांधावर वाळत पडल्या असत्या. या गटात माझ्या शब्दावर लोकांनी ज्वारी मोडून अश्वगंधा लावली. आपला बिरुदेव तर मेंढरं विकून यात आला. उद्या मी त्यांना सांगू का, की बेंगळुरूच्या बहिणीला झेरॉक्सवर रान दिसलं?

तुला शंका आमच्या मालावर आहे. तर मग माल तपास. माझ्या हातानं उपटलेल्या मुळ्या पाठवतोय. धुतल्यात, बाकी काही केलेलं नाही. यात गोळी सापडली तर मला कळव.

आईची काळजी करू नकोस. ती बरी आहे. थोडे दिवस फोन करू नकोस, खणणीचा हंगाम आहे, मी रानात असतो.

शहाजी


बेंगळुरू,
२४ जानेवारी

दादा,

मुळ्या मिळाल्या. तपासल्या. उत्तम आहेत. आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या मालापेक्षा सरस, हे माझ्या सरांचं मत. पण मुळ्यांवर माझी शंका कधीच नव्हती. मी पुडी मागितली होती.

तू फोन उचलत नाहीस. वहिनींचा फोन बंद लागतो. "आई बरी आहे" एवढ्या तीन शब्दांत तू काय गुंडाळलंयस, ते मला कळत नाही आणि त्यानं माझं कामात लक्ष लागत नाही. तिचे हात थरथरतात का? ती खाते का? रोजची पुडी चालू आहे ना? या तीन प्रश्नांची उत्तरं दे. बाकी भांडण आपण नंतर करू.

पूनम


सोलापूर,
२६ जानेवारी

पूनमताईंना विजयमालाचा नमस्कार.

काल फोनवर मला रडू फुटलं आणि तुमाला काहीच नीट सांगता आलं नाही. आत्ता दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते. ह्या पत्रासोबत न फोडलेल्या पुड्या हायत. एक आमच्या घरातली, बाकीच्या ह्यांच्या गाडीच्या डिकीतल्या. आमच्या गल्लीतला अजिंक्य बेंगळुरूच्या बसवर असतो, त्याच्याजवळ देते.

तुमचं पहिलं पत्र आलं तवा ह्यांनी ते पुन्हापुन्हा वाचलं. नुसते तोंड वाकडं करून बसले. मग म्हणाले, "पुडीत काय असंल तर बंद केल्यावर कळंलच की. काय झालं न्हाय तर पूनमला तोंड दाखवायला जागा राहायची न्हाय." मी म्हणलं, ताईंनी एकदम बंद करू नका म्हणून लिहिलंय न्हवं? तर म्हणाले, "ते भ्या घालायला लिहिलंय." आणि घरातल्या पुड्या कपाटात कुलपात ठेवल्या. तुमी फोन करून आत्तींना घाबरवाल म्हणून माझा फोन पण काढून घेतला, तो काल दवाखान्यात आल्यावर परत दिला.

पहिल्या दिवशी आत्ती नुसत्या बसून होत्या. दुसऱ्या दिवशी हातातला चहा सांडाय लागला. अंगाला घाम, आणि सारखं म्हणायच्या, "विजू, माझ्या अंगावर मुंग्या चढत्यात, झटक." मी ह्यांना म्हणलं दवाखान्यात न्या. ह्यांनी ऐकलं न्हाय असं न्हाय, पण उद्या बघू, उद्या बघू करत ऱ्हायले. त्यांचा चेहरा मात्र पडला होता. मग दुपारी आत्ती भाकरी थापता थापता चुलीपुढंच ताठ झाल्या. डोळे फिरले, दातखीळ बसली. मी त्यांना मागं ओढलं म्हणून जाळ लागला न्हाय. गाडीत घालताना परत तसंच झालं. ह्यांनी गाडी कशी चालवली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

तुमी फोनवर इथल्या डॉक्टरांना गोळीचं सांगितलं, त्याचा उपयोग झाला. त्यांनी तसंच धरून औषध दिलं आणि झटके थांबले. आत्ती अजून ग्लानीत हायत. डॉक्टर म्हणतात नक्की काय आणि किती होतं ते कळलं पायजे, लवकर कळवा.

हे बाहेर पायरीवर बसलेत. कालपास्नं पाण्याशिवाय काही घेतलं न्हाय.

आणखी एक. ह्यांना ठाऊक न्हाय. आत्तींना गुण आला म्हणून मी पण संक्रांतीच्या आधीपास्नं अर्धी पुडी घेत होते. घरात पुड्या कुलपात गेल्यावर डिकीतनं काढून घ्यायची. मला आता भीती वाटते. बंद केली तर आत्तींसारखं होईल, घेतली तर काय होईल? कुणाला विचारू?

तुमची,
विजयमाला


बेंगळुरू,
३० जानेवारी

दादा,

सकाळीच डॉक्टरांना फोनवर आकडे कळवले आहेत, अहवालही पाठवला आहे. तुला आज रात्रीच्या बसनं अजिंक्यच्या हाती पत्रच पाठवते, कारण हे तुला शांतपणे वाचायला हवं आणि मलाही नीट लिहायला हवं.

पुड्यांत अल्प्राझोलाम आहे. झोपेची, घबराटीची गोळी. डॉक्टर मोजून देतात आणि मोजून थांबवतात ती. अश्वगंधाही आहे, पण नावाला, चिमूटभर. तुमच्या चांगल्या मुळ्या हा माणूस बहुतेक दुसरीकडे विकतो आणि पुडीत भुसा भरतो. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक पुडीत गोळीचं प्रमाण वेगळं आहे. एकीत थोडं, दुसरीत त्याच्या कितीतरी पट. थोरली आई पडली, तो जड पुडीचा दिवस असणार.

आधी घरातलं. वहिनींना आजच त्याच डॉक्टरांसमोर बसव. का, ते त्या तुला स्वतः सांगतील. ऐकून घे, बोलू नकोस. मी फोनवर असतानाच त्यांचं डॉक्टरांशी बोलणं झालंय, त्या सुरक्षित आहेत.

आता दुसरं. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायलाच हवी. पण विचार कर. उद्या छापा पडला, किंवा अण्णाला कुणकुण लागून त्यानं माल गडप केला, तर परवा त्या सगळ्या घरांत पुडी संपेल. तुझ्या गाडीच्या वाटेवर जितक्या बायका ती घेतात, त्यांच्या घरांत चुलीपुढं काय होईल ते तू पाहिलंयस. तक्रारीच्या आधी, निदान तक्रारीसोबतच, कुणीतरी त्या दारांत जायला हवं. ती दारं मला माहीत नाहीत. निरीक्षकांनाही नाहीत. तुलाच माहीत आहेत.

मी शनिवारच्या गाडीनं येतेय. पण शनिवारची वाट बघू नकोस.

पूनम


मंगळवेढा,
११ फेब्रुवारी

पूनम,

तू परत गेलीस आणि मग मला बोलावंसं वाटलं. तू इथे होतीस तेव्हा आईच्या खाटेपाशी माझी मान वर होत नव्हती. तुझ्या यायच्या आधीचे दोन दिवस तुला नीट सांगितलेच नाहीत. ते आता लिहितो.

तुझं पत्र विजूनं माझ्या हातात दिलं आणि तिथंच सांगितलं, "मी पण घेते." मी ऐकून घेतलं. बोललो नाही. मग डॉक्टरांकडं गेलो आणि विचारलं, "मी लोकांच्या दारात जाऊन सांगायचं काय?" त्यांनी साध्या भाषेत एक चिठ्ठी लिहून दिली: पुडी अचानक बंद करू नका, उरलेल्या पुड्यांसह ताबडतोब आमच्याकडे या. पोराकडून पाढे म्हणून घेतात तसं मला ते तीनदा म्हणायला लावलं. तालुक्याच्या दवाखान्यांतही त्यांनी स्वतः फोन केले.

पहिल्या दारात कुणी विश्वास ठेवला नाही. "गेल्या आठवड्यात तूच म्हणालास की मुळीचं हाय, काय बाधत न्हाय." बरोबरच होतं त्यांचं. मी आईचं सांगितलं. कपाळाची खोक, चूल, सगळं. तेव्हा माणसं आत गेली आणि पुड्या घेऊन बाहेर आली. पुढच्या दारात मग आधी आईचंच सांगायला लागलो.

वळसंगला सिद्धम्मा म्हणून एक आजी आहेत. मुलगा चादरीच्या कारखान्यात, सून रानात. मी गेलो तेव्हा एकट्याच उंबऱ्यावर बसलेल्या. मला बघून तोंड फुललं. म्हणाल्या, "आलास की बाबा. निद्दे पुडी, झोपेची, आणलास?" पुड्या कधी संपल्या विचारलं, तर म्हणाल्या, "परवा." हात पदराखाली धरले होते. मी पदर बाजूला केला. ते हात आईच्याच हातांसारखे हलत होते.

मी त्यांना उचलून गाडीत बसवलं. शेजारणीला म्हणालो, सुनेला निरोप द्या. त्या सगळ्या वाटेनं म्हणत होत्या, "पुडी दे की रे, आन सोड मला घरी." गाडीत पुड्या होत्या, पूनम. मागल्या डिकीत होत्या. एक द्यावी का, हे मला कळेना. तू लिहिलं होतंस, प्रत्येकीत प्रमाण वेगळं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "काही देऊ नका, सरळ इथे आणा." दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवर घेताना त्यांना झटका आला. माणसं हाताशी होती म्हणून निभावलं. आता त्या बऱ्या आहेत.

त्याच संध्याकाळी अण्णा घरी आले. सोबत त्यांचा माणूस गुरु. दारातच उभे राहून म्हणाले, "शहाजी, गावोगाव काय सांगत फिरतोयस?"

मी म्हणालो, "तुमच्या पुडीत काय आहे ते."

"पुड्या कुणी वाटल्या? माझ्या हातानं एक तरी दिलीय का मी वळसंगात? तक्रारीत पहिलं नाव तुझं येईल."

"येणारच की. मीच लिहून दिलंय ते. तुमचं दुसरं आहे."

गुरु पुढं सरकला. आतून विजू आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली, हातात कोयता नव्हता की काही नव्हतं, नुसती उभी राहिली. अण्णा आईच्या रिकाम्या खाटेकडं बघत म्हणाले, "म्हातारी बरी हाय न्हवं?" मी दार पुढं ओढलं. ते गेले.

दोन दिवसांनी मोडनिंबच्या गोदामाला सील लागलं. निरीक्षकांनी माझा जबाब घेतलाय. वाटणारा म्हणून माझ्यावरही काय यायचं ते येईल. वकील म्हणतात, स्वतः होऊन सांगितलंय ते बघतील. बघोत न बघोत.

गटाच्या मुळ्या शेडमध्ये पडून आहेत. गिऱ्हाईक नाही. बिरुदेव माझ्याशी बोलत नाही. देवळापाशी समोरासमोर आलो तर म्हणाला, "मेंढरं विकली मी," आणि गेला.

तू म्हणालीस म्हणून आईला मी सगळं सांगितलं, की पुड्या मीच कुलपात घातल्या. ती म्हणाली, "मला इचारायचं तरी." एवढंच.

शहाजी


मंगळवेढा,
२२ एप्रिल

पूनम बाय,

मी सांगतीया आन विजू लिवतीया. तिनं मधे आपल्या मनाचं घातलं तर मला कळायचं न्हाय, पर ती घालणार न्हाय.

डाक्टर दर पंधरवड्याला गोळी कमी करत्यात. आता नखाएवढा तुकडा ऱ्हायलाय. विजूची तर बंद झाली. ती माझ्यावर हुकूम गाजवती.

परवा सोलापूरला परत डोक्याला तारा लावल्या. डाक्टर म्हणलं, रान कमी झालंय. मी म्हणलं, आमचं रान कमी व्हऊ नगा दिऊ, ते तेवढंच हाय. ते हासलं. मग मला समजावलं त्यांनी.

तुला एक सांगायचंय. तुज्या तात्याचं वर्षसराद माजी पुडी चालू हुती तवा झालं. समदी म्हणत्यात मी बसले हुते, पानं वाढली, बायांशी बोलले. मला त्यातलं काय बी ठावं न्हाय. शाजीला वाटलं आई निवांत झाली. आगं, निवांत कुटली, मी हितं नव्हतेच की. विजूला म्हणलं, त्या दिशी काय काय झालं ते मला सांग. तिनं सांगितलं. कोण आलं, काय शिजलं, कोण रडलं. मी ऐकलं, जनू दुसऱ्याच्या घरचं. मग चार दिस लई रडले. शाजी घाबरला, म्हणला डाक्टरकडं जाऊ. म्या म्हणलं बस गप, हे आजारपण न्हाय.

शाजीवर माजा राग हुता. आता थोडा हाय. त्यो रोज पायाला त्याल चोळतो. बिरुदेव परवा आला हुता. शाजीशी न्हाय बोलला, माज्याशी बोलला. त्याच्या पोत्यातल्या मुळ्या तू म्हणतीस त्या तुज्या साहेबांनी घेतल्या तर बरं हुईल, तेवढं बघ. न्हाय जमलं तर तसं सरळ सांग, आस लावू नगं.

झोपंचं इचारत हुतीस. झोप लई न्हाय. पहाटं डोळा उगडतो तो उगडतोच. मग अंगणात बसते, शेळ्या हालत्यात त्या ऐकते, तुज्या तात्याची आठवन येती, कदी पानी येतं डोळ्याला. पर जागी आसते तवा पुरी जागी आसते.

सुट्टी काढून ये. आल्यावर काय इचारायचं ते इचार. दवाखान्यातनं आल्यापास्नं आजपातूरचा एकेक दिस मला ठावं हाय.

तुजी थोरली आय,
बाळाबाई